भ्रमनिरास : 'स' की 'श'?



आपल्या रोजच्या क्रमात आज नाथभागवताचा आठवा अध्याय, म्हणजे पिंगलेची कथा. सकाळी स्नान आटोपून, दिवा लावून पोथी उघडली आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पुण्याहून भाचीचा मेसेज. नोकरीला लागून तिला आठ महिने झालेत. ज्या बाईंच्या हाताखाली ती काम करते त्यांच्याविषयी आम्ही पहिल्या महिन्यापासून किती ऐकलं होतं! मॅडम अशा, मॅडम तशा, मला मॅडमसारखंच व्हायचंय. आणि आज लिहिलंय, "मावशी, माझा पूर्ण भ्रमनिराश झाला. माझं काम त्यांनी स्वतःच्या नावावर खपवलं. आता कोणावरच विश्वास ठेवायचा नाही."

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी कुठे गेली ते सांगायलाही लाज वाटते. पोरगी रडतेय आणि मी बघतेय की 'श' लिहिलाय, 'स' हवा. दुरुस्ती लिहिलीसुद्धा! मग खोडली. "दुपारी फोन करते" एवढंच कळवलं आणि पोथीकडे वळले. पण मन काही पोथीत लागेना, ते त्या एका अक्षरातच अडकलं. आणि वाचता वाचता लक्षात आलं की आजची कथा तरी दुसऱ्या कशाची आहे? म्हणून आज आधी शब्द बघू, मग कथा.

'निराश' म्हणजे निर् अधिक आशा. ज्याची आशा गेली तो. हे आपल्याला ठाऊकच आहे. 'निरास' मात्र वेगळ्या घरातला शब्द आहे. संस्कृतात 'अस्' असा एक धातू आहे, त्याचा अर्थ फेकणे, टाकणे. निर् म्हणजे बाहेर. तेव्हा निरास म्हणजे बाहेर टाकणं, घालवून देणं, दूर सारणं. प्रवचन संपल्यावर बुवा म्हणतात ना, आता कोणाला काही विचारायचं असेल तर शंकानिरसन करू, तेच हे निरसन. शंकानिरसन झालं म्हणून कोणी डोळ्याला पदर लावत नाही. उलट बरं वाटतं. गैरसमजाचं निरसन झालं तर आपण पेढा नाही वाटला तरी सुटकेचा श्वास तरी सोडतोच. मग भ्रमाचा निरास झाला की आपण रडतो का?

शब्दाच्या अर्थाप्रमाणे पाहिलं तर भ्रमनिरास ही आनंदाची बातमी आहे. खोटं होतं ते गेलं. पण वापरात तो शब्द कधीच दुःखाचा झाला. मतदारांचा भ्रमनिरास, चाहत्यांचा भ्रमनिरास, नव्या सुनेचा भ्रमनिरास. सगळीकडे अर्थ एकच, अपेक्षाभंग. ऐकणाऱ्याच्या कानाला 'निरास' आणि 'निराश' सारखेच लागले आणि हळूहळू लिहिणाऱ्याच्या हातालाही. मी त्याला चूक म्हणून लाल शाई लावणार नाही. भाषा माणसांच्या मागून चालते. आणि माणसांचा अनुभवच असा आहे की भ्रम जाताना आशेलाही ओढून नेतो. 'स' आणि 'श' एकाच दिवशी दारात येतात. प्रश्न एवढाच की त्यांतल्या कोणाला पाणी द्यायचं आणि कोणाला मुक्कामाला ठेवून घ्यायचं.

या 'अस्' धातूचं कुटुंब मोठं आहे. संन्यास त्यातलाच, टाकून देणं. अभ्यासही त्यातलाच, पुन्हा पुन्हा टाकणं. आणि आपल्या आजच्या विषयाला फार जवळचा असा एक भाऊ म्हणजे 'अध्यास'. आचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवातच अध्यासाच्या विचाराने केली आहे. अध्यास म्हणजे एका वस्तूवर दुसरी वस्तू टाकणं, लादणं. दोरीवर साप टाकला, शिंपल्यावर चांदी टाकली. आता गंमत बघा. अध्यास म्हणजे वर टाकणं आणि निरास म्हणजे बाहेर टाकणं. धातू एक, क्रिया उलट. वर टाकणारा जो होता, बाहेर टाकायचं कामही त्याचंच. दोरीचं नव्हे.

हे लिहिताना सोपं वाटतं. मला ते कळायला एक फजिती व्हावी लागली. ती आज सांगतेच.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या कॉलनीतल्या ज्ञानेश्वरीच्या वाचनाला जायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी, एका वयोवृद्ध काकांच्या ओसरीवर. आम्ही आठ-दहा जणं. काका अर्थ सांगायचे. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं येतात, कोणाही प्राण्याचा द्वेष न करणारा वगैरे, तिथे आले की त्यांचा गळा दाटून यायचा. वाचन थांबायचं. आम्ही खाली माना घालून बसायचो. मनात म्हणायचे, हा माणूस बाराव्या अध्यायात राहतो. अकरा वर्षं गेले मी. पावसापाण्याचीसुद्धा गेले.

एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक बाई. बोलता बोलता कळलं की त्या काकांच्या सख्ख्या भावजय. शेताच्या बांधावरून दोन भावांत सत्तावीस वर्षं बोलणं नव्हतं. कोर्टकचेरी झाली होती. आणि धाकटा भाऊ गेला तेव्हा काका अंत्यदर्शनालाही गेले नव्हते. घर कुठे, तर दहा मिनिटांच्या वाटेवर. त्या बाई तक्रारीच्या सुरात बोलतही नव्हत्या. नुसतं सांगत होत्या, आज पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं.

त्या गुरुवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. गुडघे दुखतात असं कळवलं. घरात मात्र सगळ्यांना सांगितलं, "माझा भ्रमनिरास झाला." अक्षर बरोबर 'स' होतं हो! पण मनात होता तो 'श'. कारण मी काकांवर रागावले होते, आणि खरं सांगायचं तर ज्ञानेश्वरीवरही. ज्याला अकरा वर्षं वाचून स्वतःच्या भावाच्या दारात जाता येत नाही, त्याने वाचलं तरी काय? आणि मग आपण तरी कशाला वाचायचं? पोथी फडताळात गेली ती सहा महिने.

काकांनी मला त्यांची जुनी प्रत वापरायला दिली होती. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, बारीक अक्षरात टिपणं. ती परत करायची म्हणून एक दिवस काढली. परत करण्याआधी चाळली. बारावा अध्याय उघडला. तिथे, त्या द्वेष न करण्याच्या ओवीशेजारी, लिहिलं होतं, "हे मला जमलेलं नाही."

मंडळी, हे वाक्य मी आधी वाचलं नव्हतं असं नाही. किमान दहा वेळा वाचलं होतं. आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, वा, काय नम्रता! ज्याने खरं लिहून ठेवलं होतं त्याचं खरं मी विनय म्हणून वाचलं. गळा दाटायचा तोही मी प्रेमाने दाटतो असं समजले. तो कशाने दाटत होता ते आता कळलं. काकांनी मला फसवलं नव्हतं. त्यांनी तर कबुली लिहून माझ्या हातात दिली होती. साधुत्व मी त्यांच्यावर टाकलं होतं. अध्यास माझा होता.

म्हणून 'त्यांनी माझा भ्रमनिरास केला' हे वाक्य जरा तपासूनच बोलावं, असं मला तेव्हापासून वाटतं. त्यात तक्रारीचा सूर असतो, जणू समोरच्याने आपलं काही हिरावून घेतलं. त्याने काय केलं? तो होता तसा होता. उजेड पडला. दोरीने आपला भ्रमनिरास केला म्हणून कोणी दोरीवर रुसतं का?

आता या दोरीच्या दृष्टान्तात एक बारीक गोष्ट आहे, ती आपण घाईत विसरतो. संध्याकाळी अंगणात साप दिसला. दिवा आणला. साप नाहीसा झाला. पण जागा रिकामी झाली का? नाही. दोरी राहिली. धरून उचलता येईल, बादलीला बांधता येईल अशी खरी दोरी. निरास आणि निराशा यांतली मला सापडलेली ओळखीची खूण हीच. निराशेत हातात काही उरत नाही, 'सगळेच तसले' एवढा एक कडवट उच्चार उरतो. निरासात खोटं जातं आणि खरं होतं तेवढं उरतं. माझ्या बाबतीत काय उरलं? एक म्हातारा माणूस, ज्याला एक गोष्ट जमली नाही आणि जमली नाही हे ठाऊक असूनही जो दर वर्षी त्या ओवीपाशी थांबत होता, ती वगळून पुढे जात नव्हता. खरं सांगते, माझ्या मनातल्या त्या साधूपेक्षा हा माणूस मला जास्त उपयोगी आहे. कारण मलाही ते जमलेलं नाही.

आणि कापरं? दिवा आणल्यावर, दोरी दिसल्यावरही हातापायांचं कापरं लगेच थांबत नाही. वेदान्तात याचाही उल्लेख करतात. साप गेला तरी भीतीचा थरथराट थोडा वेळ राहतो. तेव्हा भ्रम गेल्यावर दुःख होतं याचा अर्थ निरास झाला नाही असा नव्हे. शरीर मागून येतं. त्याला वेळ द्यावा. फक्त कापऱ्यालाच नवा साप समजू नये.

असो. आता पिंगलेकडे येऊ.

एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे, मधमाशी आहे. आणि त्यांत पिंगला नावाची वेश्या आहे. नाथांनी या स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली आणि शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पुरी केली. त्यात ही कथा फार जीव लावून सांगितली आहे.

विदेहनगरीत राहणारी ही बाई एका संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. कोणी धनवान येईल, आज भरपूर देईल. रस्त्याने येणारा प्रत्येक जण तिला तोच वाटतो. तो पुढे निघून जातो. मग दुसरा. आत जाते, बाहेर येते. झोप नाही. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड सुकलं, मन पडलं. कोणी आलं नाही. इथपर्यंत ही 'श'ची कथा आहे. आशा होती, ती मोडली. पण त्याच मध्यरात्री तिच्या मनात एक वेगळाच विचार उगवला. भागवतकार म्हणतात की त्या निर्वेदानेच तिला सुख दिलं. इथून पुढे 'स'ची कथा सुरू होते.

ती काय विचार करते ते बारकाईने बघा. न आलेल्या त्या माणसाला ती एक शब्द बोलत नाही. रस्त्याने गेलेल्या कोणालाही शिव्याशाप देत नाही. ती म्हणते, माझंच केवढं हे मूर्खपण. जो अगदी जवळ, हृदयात आहे त्याला सोडून मी दाराबाहेर कोणाची वाट पाहत होते? जे स्वतःच काळाच्या तोंडात आहेत ते मला काय पुरं पडणार? आणि पुढे तर ती म्हणते की नक्कीच भगवंत माझ्यावर प्रसन्न झाला असला पाहिजे, एरवी अभागिनीला असं वैराग्य कुठून सुचावं? जी रात्र फुकट गेली तिलाच ती कृपा म्हणते. मग ती अंथरुणावर पडली आणि शांत झोपली.

त्या रात्री बाहेर काहीच बदललं नाही. रस्ता तोच, दार तेच. एक गोष्ट बाहेर टाकली गेली. आणि म्हणून गीतेतही 'निराशी' हा शब्द चांगल्या अर्थाने येतो. तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला निराशी होऊन युद्ध कर म्हणतात. तिथे हताश होऊन असा अर्थ घेतला तर सगळी गीताच उलटी होईल! अपेक्षेचं ओझं उतरवून, असा तो अर्थ. म्हणजे बघा, 'श'लासुद्धा शास्त्रात एक उजळ बाजू आहे.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. हा सगळा विचार चुकीच्या हातात पडला तर फार वाईट शस्त्र होतं. एखाद्याला कोणी खरोखर लुबाडलं, बुवाबाजीत बाईची अब्रू गेली, म्हाताऱ्याची पुंजी गेली, आणि आपण शहाणपणाने सांगायचं की 'अध्यास तुझाच होता हो!' हे अध्यात्म नव्हे, ही निर्दयता आहे. दोरी ही दोरी असते, ती साप असल्याचं सोंग घेत नाही. माणूस मात्र सोंग घेतो. आपल्या भाषेत त्यासाठी निराळे शब्द आहेत, फसवणूक आणि विश्वासघात. ते त्याच्या नावावर मांडायचे. भ्रम तेवढा आपल्या नावावर. एकाच प्रसंगात दोन्ही असू शकतात, पण खाती दोन ठेवावीत. त्याच्या खात्याचा जाब त्याला विचारावा, गरज पडली तर चारचौघांत विचारावा. आपल्या खात्याचा हिशेब रात्री देवासमोर करावा. काकांच्या बाबतीत पहिलं खातं, निदान माझ्यापुरतं, कोरं होतं. त्यांच्या भावजयीच्या वहीत ते कोरं नसेल. तो त्यांचा हिशेब, मी तो माफ करणारी कोण?

दुसरा प्रश्न याहून अवघड. दुसऱ्याच्या भ्रमाचं काय करायचं?

माझे वडील तरुणपणी काशीयात्रेला गेले होते. येताना गंगेचा गडू आणला, तांब्याचा, तोंड डाग देऊन बंद केलेला. तो आमच्या देवघरात वर्षानुवर्षं होता. आईचा एकच हट्ट, माझ्या शेवटच्या क्षणी त्यातलं पाणी माझ्या तोंडात घाला. ती वेळ आली. भावाने मागच्या पडवीत गडू फोडला. आत टिपूस नव्हता. कधी कोणास ठाऊक, डागातून झिरपून सुकून गेलं होतं. आतल्या खोलीतून आईचा आवाज, "आणलंत का रे?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी माठातलं पाणी वाटीत घेतलं, तुळशीचं पान घातलं आणि गेले. तिने ते घेतलं. हात जोडले.

बरोबर केलं का? एवढ्या वर्षांत मी हे पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. गीतेच्या तिसऱ्याच अध्यायात भगवंत सांगतात की जाणत्याने कर्मात गुंतलेल्या अजाण माणसांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करावं आणि त्यांच्याकडून करवून घ्यावं. बुद्धिभेद हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे, दिशाभूल करणं अशा अर्थाने. गीतेतला रोख मात्र निराळा आहे. हातात दुसरं काही न देता पायाखालचं काढून घेणं, असा तो मला समजतो. भ्रमनिरास आणि बुद्धिभेद बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हींत जुनी समजूत जाते. पण निरास ज्याचा त्याच्या आतून होतो, उजेड पडून. बुद्धिभेद बाहेरून होतो, धक्का देऊन. त्या क्षणी आईला 'गडू रिकामा आहे' सांगणं हा तिचा निरास झाला नसता, एवढं मला कळतं.

पण या श्लोकाचा आधार घेऊन मी माझं खोटं झाकणारही नाही. मी खोटं वागले. तिला जपायला म्हणून की त्या क्षणातून आमची सुटका व्हावी म्हणून, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. एवढं मात्र वाटतं की आईची श्रद्धा पाण्यापुरती नव्हती. त्या काळच्या गर्दीच्या रेल्वेत वडिलांनी तो गडू मांडीवर धरून आणला होता, हे ती प्रत्येकाला सांगायची. पाणी आटलं होतं. ते मांडीवर धरणं आटलं नव्हतं. ते खरं होतं आणि तेच तिने घेतलं, असं मी समजते. हाही माझा भ्रम असेल तर देव कधीतरी दिवा दाखवील.

समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात 'भ्रमनिरूपण' नावाचा अख्खा समास लिहिला आहे. त्यात भ्रमाची मोठी यादी आहे. वाट चुकण्यासारख्या अगदी घरगुती चुकांपासून ते मी कोण हेच न कळण्यापर्यंत. ती वाचताना मला दिलासा वाटतो. भ्रम हे काही मूर्खांचं खास लक्षण नाही, ते देहाबरोबर येतं. आणि माउलींनी अमृतानुभवात तर याच्याही पुढे नेलंय. तिथे सातवं प्रकरण अज्ञानखंडन. आपल्याला वाटतं, चला, अज्ञान गेलं, संपलं काम. पण लगेच आठवं प्रकरण आहे, ज्ञानखंडन! मला कळलंय, मी आता फसणार नाही, ही जी नवी ऐट येते, तीही ठेवायची नाही. सहा महिने मी काकांकडे गेले नाही तेव्हा माझ्याकडे हीच ऐट होती. साप गेला होता आणि दिवा धरणारीच फणा काढून बसली होती.

शेवटी अर्जुन. पहिल्या अध्यायात तो धनुष्य टाकून रथात बसला. त्याच्या सगळ्या समजुती हलल्या होत्या. भगवंतांनी त्याला हाकलून दिलं नाही. त्या विषादालाही आपण योगच म्हणतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी मात्र भगवंत एक प्रश्न विचारतात, तुझा अज्ञानातून आलेला मोह गेला का? सातशे श्लोक सांगून झाल्यावर, साक्षात भगवंत, 'गेला' असं परस्पर ठरवत नाहीत. विचारतात! कारण तो गेला की नाही हे अर्जुनच सांगू शकतो. आणि अर्जुन सांगतो की गेला, आठवण परत आली, संशय उरला नाही, आता तुम्ही म्हणता तसं करीन. निरासाची ही पक्की खूण. पहिल्या अध्यायात हातातलं गळून पडलं होतं, अठराव्यात माणूस कामाला उभा राहिला. ज्याने हातपाय गळतात ती निराशा. ज्यानंतर आपण पुन्हा आपल्या कामाला उभे राहतो, तो निरास.

दुपारी भाचीला फोन केला. आधी पाऊण तास ती बोलली, मी ऐकलं. मग म्हटलं, बाई, ते काम तुझं होतं हे सांगणारं काही कागदोपत्री आहे का? आहे म्हणाली. मग ते त्यांच्यासमोर शांतपणे मांड, त्यांनी ऐकलं नाही तर त्यांच्या वरच्यांसमोर मांड. ते एक खातं झालं. आणि दुसरं, तुझ्या मनात ज्या मॅडम होत्या त्या होत्या का गं कधी? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काम मात्र त्यांनी मला खूप चांगलं शिकवलं, मावशी." मी म्हटलं, मग ते ठेव. ते तुझं आहे.

'श' आणि 'स'चं काही बोलले नाही. ते पुढे कधीतरी.

आणि काका? ती पोथी परत द्यायला मी गेले होते, तो गुरुवारच होता. ओसरीवर सगळे बसलेले. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." त्यांनी जागा करून दिली. पोथी परत द्यायची राहूनच गेली. ती अजून माझ्याकडेच आहे.

आज झोपताना एवढंच करू या. ज्या कोणाविषयी 'याने माझा भ्रमनिरास केला' असं मनात आहे, त्या एका माणसाला आठवायचं आणि विचारायचं, मी याच्यावर काय टाकलं होतं? आणि ते काढून घेतलं तर खाली खरं असं काय उरतं?

उद्या याच स्कंधाचा नववा अध्याय.

राम कृष्ण हरी.